चोरपावलांनी येणारा विषाणू

पावसाळा सुरू झाला, की एखाद्या दिवशी वर्गात कुणीतरी काळा गॉगल घालून येतं. लगेच कुजबुज सुरू होते, "ए, त्याच्याकडे बघू नकोस, डोळे येतील!" मित्रांनो, नुसतं बघण्याने डोळे येत नाहीत बरं का! ज्या हाताने डोळा चोळला, तोच हात बाकाला, पेन्सिलीला, रुमालाला लागतो आणि तिथून विषाणू दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या महाराष्ट्रात अशीच मोठी साथ आली होती.

या साथींना लोकांनी नावंही गमतीदार दिली आहेत. १९६९ साली आफ्रिकेतल्या घाना देशात डोळ्यांची एक नवी साथ सुरू झाली. त्याच सुमाराला माणूस चंद्रावर उतरला होता. मग काय, लोकांनी साथीलाच 'अपोलो ११' म्हणायला सुरुवात केली! १९७१ साली बांगलादेशचा मुक्तिसंग्राम चालू असताना ती साथ बंगालमध्ये पसरली. तिथे तिचं नाव पडलं 'जय बांगला'.

डोळे येतात तेव्हा ते लाल होतात, चिकटतात, टोचतात. घरातल्या सगळ्यांना कळतं, शेजाऱ्यांनाही कळतं. आणि बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत सारं ठीकही होतं. पण डोळ्याला होणारा प्रत्येक संसर्ग असा गाजावाजा करत येत नाही. एक विषाणू असा आहे, की तो आला तरी डोळा लाल होत नाही, दुखत नाही, साधं पाणीसुद्धा येत नाही. आणि तरीही तो माणसाला कायमचं आंधळं करू शकतो. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. गोष्ट थोडी गंभीर आहे. म्हणून आई-बाबांनाही शेजारी बसवा आणि मिळून वाचा.

आधी एक प्रयोग

एक कोरा कागद घ्या. त्यावर डावीकडे अधिकचं (+) चिन्ह काढा. त्याच्या उजवीकडे साधारण ८ सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका काढा. आता डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने फक्त अधिकच्या चिन्हाकडे बघा. नजर हलवायची नाही हं! कागद हातभर लांब धरा आणि हळूहळू जवळ आणा. कागद चेहऱ्यापासून साधारण एक फुटावर आला, की ठिपका गायब!

हे कसं झालं? आपल्या डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीवर एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. कॅमेऱ्यात जशी फिल्म, तसा हा पडदा. त्यावर प्रकाश ओळखणाऱ्या बारा कोटींहून जास्त पेशी असतात. त्यांचा निरोप मेंदूकडे नेणारी जाड नस जिथून बाहेर पडते, तिथे मात्र या पेशी नसतात. ठिपका नेमका त्या जागी पडला, की दिसत नाही.

आता खरी गंमत ऐका. ठिपका गेला तेव्हा कागदाला भोक पडल्यासारखं दिसलं का? नाही! तिथे पांढरा कागदच दिसला. मेंदूने आजूबाजूचं बघून रिकामी जागा भरून काढली. शिवाय दोन्ही डोळे उघडे असले, तर एका डोळ्याला न दिसणारी जागा दुसरा डोळा बघून घेतो.

मेंदूची ही हुशारी एरवी फार उपयोगाची. पण पडद्याचा एखादा तुकडा रोगाने खराब झाला, तर हीच हुशारी अंगाशी येते. आपल्याला कमी दिसतंय हे माणसाला कळतच नाही. वर पडद्याला दुखण्याची जाणीवही नसते. म्हणजे दुखणं नाही, लाली नाही आणि कमी दिसतंय याचा पत्ताही नाही!

घुबडाच्या डोळ्याचा विषाणू

या विषाणूचं नाव जरा लांबलचक आहे : सायटोमेगॅलोव्हायरस. घाबरू नका, तोडून वाचा. 'सायटो' म्हणजे पेशी, 'मेगॅलो' म्हणजे मोठा. हा विषाणू ज्या पेशीत शिरतो ती फुगून मोठी होते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या मध्यभागी गडद गोळा आणि भोवती फिकट कडं दिसतं. अगदी घुबडाच्या डोळ्यासारखं! डॉक्टरही त्याला 'घुबडाचा डोळा' असंच म्हणतात. विषाणूला हे नाव मिळालं १९६० साली, थॉमस वेलर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या गटाकडून. हे तेच वेलर, ज्यांना पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्याबद्दल १९५४ साली दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं होतं.

हा विषाणू कुठे राहतो? दूर कुठल्या जंगलात नाही. भारतातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात तो आहे! लहानपणीच तो लाळेतून वगैरे आपल्याकडे येतो. थोडी कणकण, थोडा घसा, नाहीतर काहीच नाही. मग तो शरीरात एका कोपऱ्यात दडून बसतो, तो जन्मभर.

मग आपण सगळे आंधळे का होत नाही? कारण आपल्या शरीरात पहारा असतो.

पहारेकरी कमी झाले, की...

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपली फौज, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेलच. या फौजेत सीडी-४ नावाच्या पेशी असतात. त्या शत्रू दिसला की शिट्टी फुंकतात आणि बाकीच्या फौजेला उठवतात. निरोगी मोठ्या माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, या पेशी साधारण पाचशेच्या वर असतात.

एड्सला कारण असलेला एच.आय.व्ही. हा विषाणू नेमका या शिट्टी फुंकणाऱ्यांनाच मारतो. हे काम तो वर्षानुवर्षं सावकाश करतो. उपचार झाले नाहीत, तर संख्या पाचशेवरून दोनशेवर येते, मग शंभरावर. ती पन्नासच्याही खाली गेली, की कोपऱ्यात दडलेला सायटोमेगॅलोव्हायरस डोकं वर काढतो. आणि त्याची आवडती जागा कोणती, तर डोळ्याचा पडदा!

पहारा फक्त एच.आय.व्ही.मुळेच कमी होतो असं मात्र नाही. रक्ताच्या कर्करोगावर जी कडक औषधं देतात, त्यांनी रोगी पेशींबरोबर पांढऱ्या पेशीही मरतात. कुणाला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं, तर शरीराची फौज त्यालाच शत्रू समजून हल्ला करते. म्हणून डॉक्टर औषधं देऊन फौजेला मुद्दाम थोडं झोपवतात. अशा वेळीही दडलेले विषाणू जागे होऊ शकतात. म्हणूनच मूत्रपिंड बसवल्यावर पहिले काही महिने अनेक रुग्णांना या विषाणूविरुद्धच्या गोळ्याही देतात.

डोंगरातला वणवा

मार्च-एप्रिलमध्ये एस.टी.ने घाटातून जाताना डोंगरावर लागलेला वणवा कधी पाहिलाय? जळती कड पुढे सरकत असते आणि तिच्या मागे काळी राख उरते. डोळ्यातही अगदी तसंच होतं. पडद्यावर पांढुरके डाग पडतात, मधूनमधून रक्त साकळतं आणि डागाची कड रोज थोडी थोडी पुढे सरकते. तिच्या मागे राहिलेला पडदा मेलेला असतो. डोंगरावर पावसाळ्यात पुन्हा गवत येतं. मेलेला पडदा मात्र पुन्हा उगवत नाही.

पुष्कळदा हा वणवा पडद्याच्या कडेला सुरू होतो. म्हणून सुरुवातीला अक्षरं वाचता येतात, टी.व्ही. दिसतो आणि माणूस निर्धास्त राहतो. पुढे डोळ्यासमोर बरेचसे काळे ठिपके किंवा धागे तरंगायला लागतात, वीज चमकल्यासारखं होतं, एका बाजूला सावली आल्यासारखी वाटते. पातळ झालेल्या पडद्याला छिद्रं पडली, तर भिंतीचा पोपडा सुटावा तसा तो सुटूनही येतो.

(एखाद-दुसरा ठिपका तरंगताना तर निरोगी डोळ्यालाही दिसतो. निळ्या आभाळाकडे बघा, तुम्हालाही दिसेल! त्याला घाबरायचं कारण नाही. पण अचानक खूप ठिपके, चमक किंवा सावली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.)

फक्त निळा रंग

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-पत्रिकेत लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण रुग्णांची हकिगत छापून आली. धडधाकट तरुणांना होऊ नये असा न्यूमोनिया त्यांना झाला होता. आणि पाचही जणांच्या शरीरात सायटोमेगॅलोव्हायरस सापडला होता. एड्सबद्दल छापलेला हा जगातला पहिला वृत्तान्त. पुढची पंधरा वर्षं फार वाईट गेली. पाश्चात्त्य देशांत एड्स झालेल्या दर दहा जणांपैकी जवळजवळ तिघांच्या डोळ्यांत हा वणवा पेटत असे.

त्यांतले एक होते डेरेक जार्मन. हे इंग्लंडमधले चित्रपट दिग्दर्शक आणि चित्रकार. डंजनेस नावाच्या गोट्यागोट्यांच्या समुद्रकिनाऱ्यावर, अणुवीज केंद्राच्या शेजारी, त्यांनी वाहून आलेली लाकडं मांडून एक सुंदर बाग फुलवली होती. म्हणजे बघा, ज्यांचं सगळं जगणं रंगांचं, त्यांचीच दृष्टी या विषाणूने हिरावली. तेव्हा जार्मन यांनी काय केलं? १९९३ साली त्यांनी एक शेवटचा मोठा चित्रपट काढला. त्याचं नाव 'ब्लू', म्हणजे निळा. त्यात नट दिसत नाहीत, झाडं नाहीत, घरं नाहीत. पाऊण-एक तासाहूनही जास्त वेळ पडद्यावर फक्त एकच निळा रंग आणि मागे माणसांचे आवाज व संगीत. डोळे जाताना माणसाला काय वाटतं, हे त्यांनी डोळस लोकांना असं सांगितलं. फेब्रुवारी १९९४मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, ते वारले.

औषध खपेना, कारण...

डॉक्टर तेव्हा हातावर हात ठेवून बसले होते का? मुळीच नाही. १९८९ साली अमेरिकेत गॅन्सिक्लोव्हिर या औषधाला परवानगी मिळाली. पण ते शिरेतून थेंबथेंब द्यावं लागे, आधी दिवसातून दोनदा आणि मग रोज, बंद न करता. बंद केलं, की वणवा पुन्हा पेटलाच! १९९६मध्ये या औषधाची बारीकशी गोळी शस्त्रक्रिया करून डोळ्याच्या आतच बसवायची युक्ती निघाली. ती सात-आठ महिने हळूहळू पाझरत राही. १९९८मध्ये थेट डोळ्यात टोचायचं आणखी एक नवं औषध आलं. फोमिव्हिर्सेन त्याचं नाव. विषाणूचा हुकूमच अडवून धरणारं असं हे औषध, आपल्या जातीचं जगातलं पहिलं.

आणि गंमत अशी झाली, की काही वर्षांतच त्याची विक्री बंद झाली. कारण ते फारसं खपेचना! ज्यांना ते हवं असे, असे रोगीच फार थोडे उरले होते.

हे कसं काय? त्याचं असं झालं, की १९९६पासून एच.आय.व्ही.विरुद्ध एकाच वेळी तीन औषधं द्यायला सुरुवात झाली. एकट्या औषधाला चकवणारा विषाणू तिघांपुढे नमला. सीडी-४ पेशी मरायच्या थांबल्या, त्यांची संख्या पुन्हा वाढू लागली. पहारा परत उभा राहिला, तशी डोळ्यातली आगही विझू लागली. जिथे ही औषधं पोचली, तिथे या रोगाचे नवे रुग्ण पाच होते तिथे एकावर आले, त्याहूनही कमी झाले. पुष्कळांना तर डोळ्यांचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवताही आलं.

म्हणजे डोळा वाचवला कुणी? डोळ्यात घातलेल्या औषधाने आग रोखून धरली खरी, पण कायमची विझवली ती शरीराच्या स्वतःच्या पहाऱ्याने. मात्र आधी जळून गेलेला पडदा कुणालाच परत मिळाला नाही. म्हणून सगळं काही 'वेळेवर' या एका शब्दावर अवलंबून आहे.

आणि आपल्याकडे?

भारतात एच.आय.व्ही. पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली, चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी तो शोधून काढला. डॉ. सॉलोमन या मूळच्या चेन्नईतल्या एका मराठी घरातल्या, लग्नाआधीच्या गायतोंडे! १ एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांमधून एच.आय.व्ही.ची औषधं फुकट मिळू लागली. आणि २०१७पासून तर सीडी-४ पेशी कमी होण्याची वाटही बघत नाहीत, चाचणीत एच.आय.व्ही. आढळला, की लगेच औषध सुरू.

तरीही काही लोक डोळे अधू झाल्यावरच दवाखान्यात येतात. का? औषध नाही म्हणून नव्हे, तर लाजेने आणि भीतीने. "लोक काय म्हणतील?" या एका प्रश्नापायी चाचणी करायचीच राहून जाते. पालकहो, एच.आय.व्ही. हा दूषित रक्तातून, दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होऊ शकतो. एकत्र बसण्याने, डबा वाटून खाण्याने, हात हातात घेण्याने तो होत नाही. एच.आय.व्ही. असलेल्या मुलाला शाळेत प्रवेश नाकारायला २०१७च्या कायद्याने मनाईच आहे. काही विचारायचं असेल, तर १०९७ हा सरकारी फोन क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

आजी-आजोबांची नागीण

पहारा वयानेही सैल होतो. तुम्हाला लहानपणी कांजिण्या आल्या असतील, तर त्यांचा विषाणूही तुमच्या नसांमध्ये दडून बसला आहे. म्हातारपणी किंवा आजारपणात तो जागा होतो आणि अंगावर एका बाजूला फोडांचा पट्टा उठतो. हीच नागीण. नागिणीचा विळखा पुरा झाला, तोंडाला शेपूट लागलं, की माणूस जातो असं लोक म्हणतात ना? ते अजिबात खरं नाही. खरी काळजी वेगळ्याच ठिकाणी आहे. फोड कपाळावर, पापणीवर आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर आले, तर डोळ्याला धोका असतो. कारण नाकाच्या शेंड्याला जाणारी नस आणि डोळ्याला जाणारी नस एकाच फांदीच्या. अशा वेळी मंत्र, लेप यांत वेळ घालवायचा नाही. अ‍ॅसायक्लोव्हिरसारखं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं, तर जास्त उपयोग होतो. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथल्या गर्ट्रूड एलियन या बाईंना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपलं गॅन्सिक्लोव्हिर हे त्याचंच भावंड!

कुणाला कुणापासून धोका?

समजा, तुमच्या वर्गातली एखादी मैत्रीण रक्ताच्या कर्करोगाचे उपचार घेऊन शाळेत परत आली. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क. काही मुलं लांब सरकून बसतात. त्यांना वाटतं, तिचा रोग आपल्याला होईल. खरं तर उलटं आहे! तिच्यापासून तुम्हाला धोका नाही, तुमच्यापासून तिला आहे. तुमच्या साध्या कांजिण्या तिच्यासाठी साध्या नसतात. म्हणून घरात कुणाला कांजिण्या, गोवर असेल, तर आधी बाईंना सांगा, आणि तुम्हाला आल्या असतील तर बरं होईपर्यंत शाळेत येऊच नका. तुमच्या लशी वेळेवर घ्या, हात धुवा. आणि हो, तिच्या शेजारच्या बाकावर मात्र जरूर बसा.

हे लक्षात ठेवा

• लाल डोळा, त्यात दुखणं, उजेड सहन न होणं किंवा कमी दिसणं असेल, तर डॉक्टरांकडे जा. दुकानातून मनाने थेंब आणू नका. काही थेंबांत स्टेरॉइड असतं. डोळ्यात नागिणीच्या जातकुळीतला विषाणू असेल, तर त्याने जखम वाढते.

• दुसऱ्याचे उरलेले थेंब, मध, दूध, कसला रस, काहीही डोळ्यात घालू नका.

• ज्यांचा पहारा कमजोर आहे, त्यांनी नीट दिसत असलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा डोळ्यांत थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा. वणवा कडेला असताना तो फक्त असाच दिसतो.

• सुरू असलेलं औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

आता या रविवारचा उद्योग. गणिताच्या चौकटीच्या वहीतलं एक पान घ्या, मध्यभागी ठळक ठिपका काढा आणि घरातल्या सगळ्यांना पाळीपाळीने बोलवा. चष्मा असेल तर लावायचा. पान एक फुटावर धरून एक डोळा झाकायचा आणि ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसतात का? कुठे चौकटी पुसल्यासारख्या वाटतात का? मग दुसरा डोळा. ही काही डॉक्टरांची पूर्ण तपासणी नव्हे, पडद्याच्या कडेचं हिच्यात कळत नाही. पण दोन डोळे उघडे असताना झाकून राहिलेली गोष्ट कधी कधी एक डोळा झाकल्यावर सापडते. आजी म्हणाली, "अगं बाई, या डोळ्याने मधलं दिसतच नाही की!" तर हसू नका. सोमवारी तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.